डेलियाने हात लावलेले पाव

अकराव्या दिवसाची सकाळ उजाडली तरी देव हॉट प्रेसमध्येच होते.

हॉट प्रेस म्हणजे आयर्लंडातल्या घरांमधलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. लोक त्यात टॉवेल ऊबदार ठेवतात. वृंदाच्या सासूबाई, लीलावतीबाई, त्यात कुरडया वाळवत. आणि दोन जानेवारीला नात झाली त्या दिवशी त्यांनी बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती अशा तिघांना स्टीलच्या डब्यात घालून, वर झाकण लावून, टॉवेलांच्या चळतीवर नेऊन ठेवलं. घरात सोयर होतं. नागपुरात असं झालं की शेजारचं कुणी येऊन देवांवर पाणी घालून जातं. ड्रोहेड्यात, त्यातून लॉकडाऊनमध्ये, पूजेपुरता शेजारी आणायचा कुठून? सोयर फिटेपर्यंत कुणाचा हात लागायला नको म्हणून ही व्यवस्था. वृंदाचा नवरा सारंग औषधांच्या कारखान्यात इंजिनीयर. सकाळी टॉवेल घ्यायला कपाट उघडलं की डब्याला नमस्कार करायचा की नाही, या पेचात तो रोज थोडा वेळ तसाच कुडकुडत उभा राही.

वृंदाची व्यवस्था देवांहून जरा कमी उबेची होती. घर ओपन प्लॅन. स्वयंपाकघराला भिंतच नाही तर बाळंतिणीला बाजूला ठेवायचं तरी कसं, ही लीलावतीबाईंची आल्या दिवसापासूनची तक्रार. तोडगा त्यांना सुपरमार्केटात सापडला. तिथे रांगेसाठी दोन-दोन मीटरवर चिकटवलेल्या पट्ट्या त्या बघून आल्या होत्या. तशीच एक पिवळी चिकटपट्टी त्यांनी सोफा आणि शेगडी यांच्या मधून जमिनीवर लावली. अलीकडे वृंदा आणि बाळ, पलीकडे दुधाचं पातेलं, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि त्या स्वतः. वृंदा मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. होती. जंतू पट्टी बघून परत फिरत नाहीत हे तिला ठाऊक होतं. पण सासूबरोबर अकरा महिने बंद घरात काढल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे नाही, हेही ठाऊक झालं होतं.

लीलावतीबाई आल्या होत्या त्या तीन महिन्यांसाठी, दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि त्या अडकल्या. मग टीव्हीवर सरकार सांगायला लागलं की बाहेरून आल्यावर हात धुवा, लांब उभे राहा, आणलेल्या वस्तू पुसून घ्या, दुसऱ्याच्या घरी जेवायला जाऊ नका. लीलावतीबाई कृतार्थ नजरेने बघत राहायच्या. साऱ्या युरोपाला सोवळं शिकवायला देवाने आपल्यालाच धाडलंय, असा त्यांचा चेहरा असे.

तर पट्टीचं वृंदाला तितकंसं काही नव्हतं. तिला सलत होतं ते वेगळंच. उद्या बारसं. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे सारंगची मोठी बहीण रेवती, नागपुरात. ती फोनवरून सांगणार, फोन बाळाच्या कानाला लावणार, असं ठरलं होतं. नावही रेवतीने ठरवून टाकलं होतं. मायरा. एकदम मॉडर्न, कुठल्याही देशात चालणारं. वृंदा मात्र पाचव्या महिन्यापासून पोटावर हात ठेवून गिरिजा, गिरिजा म्हणत आली होती. तिने ते सारंगला सांगितलं होतं. सारंग म्हणाला, नाव छानच आहे, पण ताईचा मान आहे, आईशी बोलून बघ. आईशी बोलायला वृंदाने अकरा दिवस शब्द जुळवले आणि रोज दुधाबरोबर गिळले. हातात आता एक दिवस उरला होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं त्या गल्लीत एकच माणूस होतं.

"दलिया आलीय," लीलावतीबाई म्हणाल्या.

दलिया म्हणजे शेजारची डेलिया कॅरोलन, वय वर्षं त्र्याऐंशी. लीलावतीबाईंना ते नाव पहिल्या दिवशी जे लापशीच्या रव्यासारखं ऐकू आलं ते कायम तसंच राहिलं. एकदा त्यांनी सारंगला फोनवर सांगितलं की दलिया संपत आलीय वाटतं, सकाळपासून दिसली नाही, तर बिचारा येताना दोन किलो घेऊन आला. डेलियाचंही त्यांच्याशी काही बरं सुरू झालं नव्हतं. ती सगळ्यांनाच लाडाने 'पेट' म्हणे, आणि लीलावतीबाईंना दोन महिने वाटत राहिलं की ही बाई भेटेल तेव्हा आपलं पोट काढते.

डेलिया एकटी राहायची. नवरा पॅकी सिमेंटच्या कारखान्यात होता, त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली. पाच मुलं, थोरली ऑस्ट्रेलियात, धाकटा कॉर्कमध्ये, मधली तीन मधेच कुठे कुठे. कुणाला येता येत नव्हतं. तिचा दिवस सुरू व्हायचा तो मागच्या अंगणात येऊन "गुड मॉर्निंग, हेझल" म्हणण्याने. वृंदा या घरात आल्यापासून तीन वर्षं कुंपणापलीकडे ती हेझल नावाची मांजर शोधत होती. दिसायचं ते एक वेडंवाकडं झाड, त्याला जानेवारीतच पिवळ्या तुऱ्या लोंबायच्या.

वृंदाने दार उघडलं. डेलिया पायरीवरून दोन पावलं मागे जाऊन उभी होती. मास्क हनुवटीवर, आणि हातात चहाच्या फडक्यात गुंडाळलेला घरचा ब्राऊन ब्रेड, अजून वाफ येणारा.

"हे आईसाठी," ती म्हणाली. "बाळाला सगळं जग आणून देतं. आईला कुणी काही देत नाही."

वृंदाने हात पुढे केला. त्याच क्षणी मागून सासूबाईंचा आवाज आला. "काय करून राहिलीस, थांब न. न्हाणं व्हायचंय अजून तुझं. संध्याकाळपर्यंत दम नाही का?"

वृंदाचा हात हवेतच थांबला. लीलावतीबाई लगबगीने पुढे आल्या, त्यांनी ब्रेड फडक्यासकट घेतला आणि पट्टीपलीकडे नेऊन ठेवला. हसूनच घेतला, थँक्यूसुद्धा म्हणाल्या. भाषा न कळणाऱ्याला यात काही वावगं दिसायचं कारण नव्हतं.

डेलियाने वृंदाच्या हाताकडे पाहिलं. मग जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीकडे. मग ती दाराबाहेरच्या खुर्चीत, ज्यात सारंग कारखान्याचे बूट काढायला बसे, आपणहून बसली.

"ब्रेडला हात लावायचा नाही तुला," ती म्हणाली. "किती दिवस?"

वृंदाने धार्मिक, परंपरा, विश्रांती असे दोन-तीन गुळगुळीत शब्द जुळवले. डेलियाने ते माशीसारखे हाताने उडवले आणि पुन्हा विचारलं, किती दिवस. दहा, वृंदा म्हणाली, आज फिटतं. आणि देवांना कपाटात ठेवलंय हेही सांगून टाकलं, कारण इतकं झाल्यावर लपवायचं काय.

डेलिया हसता हसता खोकली, आणि खोकल्याबरोबर सगळ्या गल्लीचा संशय नको म्हणून तिने आधी मास्क वर घेतला. "म्हणजे तुमच्यात देवाला कोंडतात," ती म्हणाली. "बरे लोक आहात. आमच्यात बाईलाच कोंडायचे. आणि हॉट प्रेसमध्ये नाही काही, चर्चच्या दारात, वाऱ्यात."

लीलावतीबाईंनी आतून विचारलं, काय म्हणतेय दलिया? वृंदा सांगायला लागली, आणि मग ती सकाळ तशीच गेली. दारात डेलिया, पट्टीअलीकडे वृंदा बाळाला मांडीवर घेऊन, आत सासूबाई. एकीचं दुसरीला पोचवत, वाऱ्यात दार सताड उघडं ठेवून.

डेलियाच्या काळात बाळंत झालेली बाई चर्चमध्ये जाऊ शकत नसे. आधी तिचं 'चर्चिंग' व्हायचं. पेटलेली मेणबत्ती घेऊन दारात गुडघे टेकायचे, पाद्री येऊन पवित्र पाणी शिंपडणार, आपल्या गळ्यातल्या पट्ट्याचं टोक हातात देणार, आणि मग ते धरून आत जायचं. कागदोपत्री हे देवाचे आभार मानणं होतं. गल्लीत मात्र सगळ्यांना माहीत होतं ते काय आहे ते. तोवर तिने बटाटे सोलायचे नाहीत, पाव कापायचा नाही, कुणाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

"आभार मानायला कुणाला दारात गुडघ्यावर बसवतात का?" डेलिया म्हणाली. "युअर मॅनला कधी नाही बसवलं." ज्याचं नाव घ्यायची इच्छा नसे त्याला ती 'युअर मॅन' म्हणे, इथे तो पाद्री होता.

लीलावतीबाईंनी दुधाखालचा गॅस बंद केला. "त्यांच्यात पण?" त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की हे गोरे लोक मोकाटच असतात.

डेलिया लग्नाआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अठ्ठावन्न साली लग्न केलं आणि नियमाप्रमाणे त्याच आठवड्यात खुर्ची सोडली. लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरी नाही. पॅकीने लग्न केलं तेव्हा त्याला सिमेंटच्या कारखान्याने घड्याळ भेट दिलं. एकोणसाठला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी बाप्तिस्मा. मूल मेलंबिलं तर स्वर्गाचं दार चुकेल म्हणून घाई. आणि आईचं चर्चिंग व्हायचं असल्याने आई घरी. मुलाला घेऊन जायची ती दुसरीच कुणी. पॅकीची बहीण होती, असम्प्टा. असम्प्टाच्या अंगावर इतक्या संतांची पदकं असत की ती जिन्यावरून उतरली की भांड्यांचा ट्रे उतरल्यासारखा आवाज येई.

"चर्चमध्ये युअर मॅन विचारतो, या मुलाचं नाव काय? ज्याच्या हातात मूल, तो सांगतो," डेलिया म्हणाली. "मी कागदावर लिहून दिलं होतं. हेझल. मोठ्या अक्षरात. तासाभराने असम्प्टा परत आली आणि म्हणाली, ही घे तुझी कन्सेप्टा."

भाषांतर करायचं वृंदा विसरलीच. मग सासूबाईंनी हटकल्यावर तिने सांगितलं, की त्यांच्याकडेही नाव आत्यानेच ठेवलं. आईने सांगितलेलं बदलून.

"काय ठेवलं?"

"कन्सेप्टा. म्हणजे साधारण... गर्भधारणा."

लीलावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की काय ते कळलं नाही.

युअर मॅनचं म्हणणं, हेझल हे झाड आहे, संत नव्हे. डेलियाने पॅकीकरवी निरोप धाडला की संत जोसेफ सुतार होता, त्याची लाकडाला कधी तक्रार नव्हती. पॅकीने तो निरोप पोचवला नाही. तो मऊ माणूस होता. डेलियाने मग मागच्या अंगणात हेझलचं रोप लावलं आणि रोज त्याला नावाने हाक मारायला सुरुवात केली, त्याला एकसष्ट वर्षं झाली. कन्सेप्टा ऑस्ट्रेलियाला गेली आणि विमानतळावरच कॉनी झाली. नंतरची चारही मुलं असम्प्टाच्याच हातून गेली आणि तिने ठरवलेल्या नावाने परत आली. पाचव्या वेळी, अडुसष्ट साली, डेलियाने नाव सुचवलंसुद्धा नाही. पण चर्चिंगला मात्र ती गेली नाही. सासूने विचारलं, कधी जाणार? ती म्हणाली, मी इथेच आहे, फादरलाच पाठवा.

मग तिच्या हातचा चहा बंद झाला. सासू घेईना, शेजारीण घेईना. पॅकी घेई, पण आईसमोर नाही. तीन आठवड्यांनी ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदारीण दारातच आडवी आली आणि मायेने म्हणाली, फादरकडे जाऊन आलीस का गं? नाही? मग थांब तू इथेच, मी आणून देते बाहेर.

"दारात," डेलिया म्हणाली. "पुन्हा दारात. मी म्हटलं, पुरे." ती तिच्या बगलेतून आत गेली. हातमोजे काढले. काउंटरवर ताजे पाव मांडले होते, अकरा. तिने एकेका पावावर तळहात ठेवला, नीट, सावकाश, आणि प्रत्येकाला गुड मॉर्निंग म्हटलं. मग हातमोजे घालून घरी आली.

"मग टाकले का पाव?" लीलावतीबाईंनी विचारलं. आता त्या पट्टीच्या अगदी कडेला आल्या होत्या.

टाकतेय कसली. त्या बाईने सगळे विकले. आणि त्यातले दोन पाद्र्याच्या घरची स्वयंपाकीण घेऊन गेली. आठवडाभर युअर मॅनने डेलियाने हात लावलेला पाव जॅम लावून खाल्ला, आणि त्या रविवारी हट्टी बायकांवर पाऊण तास प्रवचन दिलं.

"घसा खणखणीत होता," डेलिया म्हणाली. "पाव मानवला त्याला."

हे भाषांतर होता होता लीलावतीबाई शेगडीला टेकून इतक्या हसल्या की बाळ दचकून रडायला लागलं. वृंदाने त्यांना अकरा महिन्यांत असं हसताना पाहिलं नव्हतं. आणि आता बघ, डेलिया पुढे म्हणाली. यंदा युअर मॅनच्या जागी जो कुणी आहे तो रिकाम्या चर्चमध्ये कॅमेऱ्यासमोर उभा असतो. त्याने कुणाला शिवायचं नाही, कुणी त्याला शिवायचं नाही. वृंदाने हे मराठीत आणताना लीलावतीबाईंच्या भाषेत आणलं: आता फादरलाच कावळा शिवलाय.

सकाळपासून डेलियाच्या रेडिओवर एकच विषय चालू होता. लग्नाशिवाय मूल झालेल्या मुलींना ज्या घरांत नेऊन ठेवायचे, त्या घरांबद्दलचा सरकारी अहवाल त्या दिवशी यायचा होता, आणि दुसऱ्या दिवशी सरकार माफी मागणार होतं. म्हणूनच ती ब्रेड भाजायला बसली होती; हाताला काहीतरी हवं होतं.

"ज्यांच्या बोटात अंगठी नव्हती त्यांना तिकडे नेलं," ती म्हणाली. "आमच्या एक्स्चेंजमधली एक नेली. परत खुर्चीवर आली नाही. आमच्या बोटात होती, म्हणून आम्हाला नुसतं दारात ठेवलं. नशीबवानच आम्ही." मग तिने मान वळवून बाळाकडे पाहिलं आणि विषय बदलल्यासारखं विचारलं, हिचं नाव काय?

उद्या ठेवणार, वृंदा म्हणाली. मायरा.

"मोयरा?" डेलियाच्या भुवया वर गेल्या. "मोयरा म्हणजे मेरी, पेट. या गल्लीतल्या निम्म्या बायका मोयरा नाहीतर मेरी होत्या. एवढ्या लांब येऊन तुम्ही तिचं नाव मेरी ठेवताय? असम्प्टाला फार आनंद झाला असता. हे तू ठरवलंस?"

वृंदाने मान हलवली. नाही.

"कुणी?"

पट्टीपलीकडून लीलावतीबाईंनी विचारलं, आता काय म्हणतेय? आणि इतका वेळ दोघींचं एकमेकींना पोचवणाऱ्या वृंदाला पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य मधे घालावं लागलं.

"आई, ती विचारतेय नाव कुणी ठरवलं. आणि मला गिरिजा ठेवायचं होतं."

लीलावतीबाईंनी ब्रेडवरचं फडकं काढलं, त्याची नीट घडी घातली. ड्रॉवरमधून सुरी काढली. मग ब्रेड, कापायची फळी आणि सुरी असं सगळं उचलून त्यांनी पट्टी ओलांडली आणि वृंदाच्या पुढ्यात स्टुलावर ठेवलं. बाळाला स्वतःकडे घेतलं.

"काप," त्या म्हणाल्या. "गार झाल्यावर काय मजा."

"न्हाणं..."

"काप म्हटलं न."

वृंदाने पहिली जाड फोड कापली. कवच करकरलं, आतून सोड्याचा आणि ताकाचा वास आला. लीलावतीबाई बाळाला मांडीवर हलवत, कुणाकडे न बघता बोलायला लागल्या. सारंगचं नाव त्यांना शिरीष ठेवायचं होतं. दारात शिरीषाचं झाड होतं, तो वास यायचा बाळंतिणीच्या खोलीत. नणंदेने ठेवलं सारंग. वाईट काही नाही, सारंगही चांगलंच आहे. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि त्यांचं स्वतःचं तरी कुठे, त्या म्हणाल्या. माहेरी त्या अलकनंदा होत्या. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने लीलावती असं लिहिलं, तेव्हा आपल्याला आता या हाकेला ओ द्यायची आहे हे त्यांना कळलं. तांदूळ नंतर शिजवून पंगतीला वाढले.

अकरा वर्षांच्या संसारात वृंदाने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. सारंगने तरी ऐकलं होतं का, कोण जाणे.

"या घराचं नेट कसंय?" लीलावतीबाईंनी एकदम विचारलं.

"चांगलंय की."

"नाही," त्या म्हणाल्या. "उद्या बरोबर कुर्रर्रच्या वेळेला जाणार आहे. रेवतीचा आवाज पाळणा म्हणून होईपर्यंत ऐकू येईल, मग चक्र फिरत राहील. आता मुहूर्त तर टळू द्यायचा नाही. जी बाजूला असेल तिने सांगायचं नाव. तूच असशील बाजूला." आणि जरा थांबून, "रेवतीला मी पाहून घेते."

डेलियाला यातलं अक्षर कळलं नव्हतं, पण ब्रेड कोण कापतंय ते तिला दिसत होतं. वृंदाने तिला सांगितलं, नेटसकट सगळं सांगितलं. डेलियाने लीलावतीबाईंकडे पाहून अंगठा वर केला आणि म्हणाली, "ग्रँड." लीलावतीबाईंनीही बाळ सांभाळत अंगठा वर केला. मग त्यांनी डिंकाचा एक लाडू बशीत घातला आणि सोयराच्या घरातला म्हणून क्षणभर अडखळून, शेवटी स्वतःच दारापर्यंत नेऊन दिला. डेलियाने त्यावर तळहात ठेवला, गुड मॉर्निंग म्हटलं आणि दाताच्या कवळीची पर्वा न करता चावला.

तिने लाडू संपवला. मग फडकं मागून घेतलं, खिशात कोंबलं, खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठली. निघाली असं वाटलं, पण ती पायरीशीच थांबली.

"मी एकटी राहते," ती म्हणाली. "सरकारी नियमाप्रमाणे मला एका घरात जाता येतं. सपोर्ट बबल. मी अजून कुणाच्या घरात ते वापरलेलं नाही." तिने मास्क नीट नाकावर ओढला. "पाच मुलं झाली मला. एकाचंही नाव ठेवताना मी तिथे नव्हते. उद्या मी येऊ का? दारात नको. आत उभी राहीन."